पाहुण्यांचं पाकीट

आमच्या इमारतीत त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे तरतूदराव म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. जिन्यातल्या दिव्यासाठी वर्गणी मागायला जा, नाहीतर कुणाच्या निवृत्तीला भेट घ्यायची म्हणून जा, हा बाबा दारात उभा राहून अगदी नम्रपणे सांगणार, "या महिन्यात तरतूद नाही. पुढच्या महिन्यात करतो." आणि पुढच्या महिन्यात, आपण पार विसरून गेलेलो असतो तेव्हा, बरोबर सुट्टे पैसे घेऊन दारात हजर. त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही. मला मात्र येतं. मी त्याच्या समोरच्याच दारात राहते आणि माझा त्याच्यावरचा राग फार जुना आहे.

मी ज्या दवाखान्यात नर्स होते तिथेच तो स्टोअरकीपर. तळमजल्यावर जाळीच्या खिडकीमागे बसायचा. खिडकीवर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती, 'जुनं जमा करा, नवं न्या.' बल्ब गेला तर गेलेला बल्ब आणायचा. कात्री बोथट झाली तर बोथट कात्री दाखवायची. एकदा माझ्या हातून थर्मामीटर फुटला आणि तुकडे सफाईवालीने उचलून टाकले. मी खिडकीशी गेले तर म्हणतो, "सिस्टर, तुकडे?"

म्हटलं, "तुकडे गेले कचऱ्यात. पेशंट तिकडे तापाने फणफणलाय, थर्मामीटर द्या मुकाट्याने."

"निदान त्याची डबी तरी?"

मी डबी आणून त्याच्या पुढ्यात आपटली. त्याने ती फडक्याने पुसली, जमा करून घेतली, नोंद केली आणि मगच नवा थर्मामीटर पुढे सरकवला. वर "धन्यवाद, सिस्टर" म्हणाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या स्टोअरमध्ये कधी एक चादरसुद्धा कमी भरली नाही.

हीच पद्धत त्याने घरी नेली. पगाराच्या संध्याकाळी नवरा, बायको आणि दहा वर्षांची मुलगी अशी तिघं टेबलाशी बसायची. बायको कापडाच्या दुकानात अर्धा दिवस काम करते, तिचाही पगार टेबलावर यायचा. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून पाकिटं निघायची. कॅलेंडरची पानं चिकटवून केलेली, त्यांवर मुलीच्या अक्षरात भाडं, किराणा, वीज, शाळा, औषध, चपला, पाहुणे असं लिहिलेलं. पैसे वाटले जायचे, डबा बंद. नियम एकच होता, एका पाकिटाने दुसऱ्या पाकिटापुढे हात पसरायचा नाही. किराण्याचं संपलं तर महिनाअखेरीला साधं जेवायचं, पण विजेच्या पाकिटाला हात लावायचा नाही. पेन्सिल बोटाएवढी झाली की मुलीने ती दाखवायची, मग नवी. टूथपेस्टची नळी तो कात्रीने उभी कापून आतून बघायचा. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा हसूनच सांगितलं. ती म्हणायची, "सिस्टर, तुम्ही हसा, पण आमच्या दारावर कधी कुणी तगादा लावायला आलेलं पाहिलंय?" खरंच पाहिलं नव्हतं. इमारतीतले बाकीचे हप्त्यांच्या नावाने कपाळाला हात लावून बसतात, मीही त्यातलीच.

चपलांच्या पाकिटाचाही तोच न्याय. माणशी एक जोड. तळ झिजून पार झाला की जुना जोड दाखवायचा. दाराबाहेर पायपुसण्याशेजारी तिघांचे जोड ओळीने लावलेले असायचे. त्याचे काळे बूट, टाचा दोनदा बदललेले, बायकोच्या तपकिरी चपला आणि मुलीचे शाळेचे बूट. मी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की ओळ बघून सांगू शकायची घरात कोण आहे आणि बाहेर कोण गेलंय. दुसरा जोड नव्हताच कुणाकडे.

आता पाहुण्यांच्या पाकिटाचं सांगते. त्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम पडायची, आणि आलेल्याचं व्हायचं ते व्यवस्थित व्हायचं. कंजूष म्हणावं तर तसं नव्हतं. पण पाकीट रिकामं झालं की त्या महिन्यापुरते पाहुणे बंद. पाहुण्यांना हे कोण सांगणार? त्यावरही त्याने तोडगा काढला होता. बायकोचा एक दूरचा भाऊ असाच महिनाअखेरीला आला, तेव्हा याने तोंडावर बोट ठेवलं. तिघं गप्प बसली. दोनदा बेल वाजली आणि भाऊ निघून गेला. याला ही युक्ती सोपी वाटली. कुणाला दुखवलं नाही, कुणाकडून उसने घेतले नाहीत, हिशेब जागच्या जागी. बायकोच्या मनाला ते लागलं होतं, पण ती बोलली नाही.

मी सांगतेय त्या महिन्यात त्याचे मोठे साहेब सहकुटुंब घरी आले, आगाऊ सूचना न देता. केक आला, फळं आली, साहेबांच्या पोराला रंगपेटी आली. पंधरवड्याच्या आतच पाकिटाने मान टाकली. आणि शेवटच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, दुपार कलल्यावर त्यांच्या दाराची बेल वाजली.

आत काय झालं ते त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं, रडत रडत सांगितलं. तिघं चहाला बसली होती. बेल वाजताच सवयीने त्याचं बोट ओठांवर गेलं. बायकोने गॅस बंद केला. मुलीने बिस्कीट तसंच धरून ठेवलं. मग तो चवड्यांवर चालत गेला आणि दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर ताई होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, हिने त्याला वाढवलं. लॉन्ड्रीत इस्त्री करायची. त्याच्या पुस्तकांचे पैसे, परीक्षेची फी, लग्नातला सूट, सगळं त्या इस्त्रीतून आलेलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहते, क्वचित येते. ती आली की हा तिला रिकाम्या हाताने कधी पाठवत नसे. तिच्या आवडीची फळं, परतीचं गाडीभाडं, हातात काहीतरी नवं. ताईचं करायचं तर पुरतं करायचं, अर्धंमुर्धं त्याला चालत नसे.

बायकोने खुणेने सांगितलं, उघडा. त्याने तळहात दाखवला, थांब. खरं तर तेव्हाच उघडलं असतं तर काहीच झालं नसतं. झोप लागली होती म्हटलं असतं, न्हाणीघरात होतो म्हटलं असतं. पण पाकीट रिकामं होतं आणि हा विचार करत उभा राहिला. दुसऱ्यांदा बेल वाजली. आता उघडलं तर पहिल्या बेलला का नाही उघडलं, हे सांगायला हवं. तिसरी बेल वाजलीच नाही. त्याला वाटलं, गेली. पण पावलं जिना उतरल्याचा आवाज आला नाही. उलट हुश्श करून कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला.

आता बाहेरचं सांगते, कारण बाहेर मी होते.

कचऱ्याची बादली ठेवायला मी दार उघडलं तर ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली. ओळख होतीच. म्हटलं, "अहो, अशा इथे काय बसलात?"

"बाहेर गेलेत वाटतं," ती म्हणाली. "येतीलच. बसते जरा, गुडघे दुखतात."

मी सवयीने त्यांच्या दाराकडे नजर टाकली. तिथे तिची मोठी कापडी पिशवी उभी करून ठेवलेली, आत कसलंसं मोठं खोकं. आणि पिशवीच्या कडेने काळ्या बुटाचं टोक दिसत होतं. त्यामागे तपकिरी चपलेचा पट्टा. माझ्या काय ते लक्षात आलं आणि रक्त डोक्यात चढलं. मी बेलकडे हात नेलासुद्धा. चांगली दहा मिनिटं दाबून धरणार होते.

ताईने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाय लांब करून पिशवी थोडी आणखी सरकवली, बुटाचं टोक झाकेपर्यंत. मग मान हलवली, नको.

मी हात खाली घेतला. आणि माझ्याच तोंडून निघालं, "हो, मघाशीच गेले तिघं. मीच पाहिलं." आयुष्यभर पेशंटच्या माणसांना "काळजी करू नका" सांगत आलेली बाई मी, खोटं बोलणं मला जड जात नाही. त्या दिवशी गेलं.

मी आत जाऊन चहा केला, दोन कप घेऊन आले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले. "माझ्याकडे चला" म्हटलं तर उठेना. म्हणाली, "इथे बरं आहे. आले की दिसतील."

विचारलं, "आज अचानक?"

"काल काम सुटलं," ती म्हणाली. "शेवटचा दिवस होता. डोळ्यांना दिसेना नीट, शर्टाच्या बाहीला चटके बसायला लागले. मालक भला माणूस आहे. सगळ्यांना बोलावून माझा सत्कार केला आणि भेट दिली."

"काय दिलं?"

"इस्त्री."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती हसायला लागली. "वाफेची आहे. त्या पिशवीत आहे. जन्मभर इस्त्री केली, म्हणे आता घरी करा." आम्ही दोघी इतक्या हसलो की चहा सांडला. मग ती म्हणाली, "म्हटलं आधी त्याला सांगावं. दुसरं कोण आहे मला सांगायला?"

तिच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता, फडक्यात बांधलेला. मी त्याच्याकडे बघतेय हे पाहून तिनेच सांगितलं, "चौघांचं जेवण आहे. त्याचं महिन्याचं सगळं बसवलेलं असतं हो. आपण अवचित जायचं आणि त्याची घडी मोडायची, बरं दिसत नाही. म्हणून मी माझा डबा घेऊनच येते."

दाराच्या पलीकडे, आमच्यापासून चार हातांवर, हे सगळं ऐकू जात होतं. बायकोने त्याच्या कानाशी लागून एकच शब्द उच्चारला, "चपला." तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तिघांचे तिन्ही जोड बाहेर. बहिणीला ते पहिल्या बेलच्याही आधी दिसले असणार. आणि तरी ती बाहेर बसून माझ्यापुढे म्हणत होती, बाहेर गेलेत. बायको सांगत होती, तो भिंतीला टेकून खालीच बसला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आत्या आहे ना?" आणि याने झटकन तिला जवळ ओढून तिच्या तोंडावर हात धरला.

बाहेर ताई मला सांगत होती, "लोक त्याला हसतात, मला माहीत आहे. पण तो असा का झाला ते मला विचारा. महिनाअखेर आली की आमचं दार वाजायचं. घरमालक यायचा, किराणावाला यायचा, दूधवाला यायचा. दातावर मारायला पैसा नसायचा. मी दिवा मालवायचे, याला मांडीवर घ्यायचे आणि याच्या तोंडावर हात धरायचे. एवढंसं पोर, पण कधी हूं की चूं केलं नाही. त्याचा श्वास माझ्या तळहाताला लागायचा. बाहेरचा कंटाळून गेला की मी हात काढायचे. एकदा मला म्हणाला, ताई, मी मोठा झालो ना, की आपलं दार कुणीही, कधीही वाजवलं तरी आपण उघडायचं."

ती हे मला सांगत होती की दाराला, ते मला अजून कळलेलं नाही. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी ओळखला असता, त्या बाबतीत माझे कान तयार आहेत. ती अगदी कौतुकाने सांगत होती. "आणि खरं करून दाखवलं त्याने," ती म्हणाली. "आज कुणाचं एका पैचं देणं नाही त्याला."

आत त्याने मुलीच्या तोंडावरचा हात काढला, इस्त्रीचा चटका बसावा तसा. मग तोच हात स्वतःच्या तोंडात घालून चावत राहिला, आवाज येऊ नये म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. बायको म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

तरी दार उघडलं नाही. याचाच मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. माणूस एवढा शरमतो आणि शरमेपायीच आणखी गप्प बसतो. त्याला वाटत होतं, ताई गेली की मग तिच्या घरी जाऊ, पाय धरू. फक्त आता, या क्षणी, त्या दोघींच्या डोळ्यांसमोर दार उघडायला नको.

चहा संपला. ताई कठड्याला धरून उठली. "निघते मी. नंतरची बस उशिरा आहे." तिने दाराजवळची पिशवी उचलली आणि तिन्ही जोड उघडे पडले. ओळीने, नीट, पायपुसण्याशेजारी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगा त्यांना, येऊन गेले म्हणून." आणि हळूहळू जिना उतरायला लागली.

ती वळणावर पोचली तेव्हा लॅच वाजलं.

तो दारात उभा होता, अनवाणी. पायाशी त्याचे बूट. मी माझ्या रिकाम्या कपात बघायला लागले. ऑपरेशनच्या टेबलावर कितीतरी माणसं पाहिलीत मी, पण इतकं उघडं पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला.

ताई वळली. तिचं तोंड भरून हसू आलं. "अगंबाई, आलात का! मागच्या जिन्याने आलात वाटतं."

आमच्या इमारतीला मागचा जिना नाही.

"ताई, मी आतच होतो," तो म्हणाला. "आम्ही सगळे आतच होतो. तुला पाहिलं होतं मी."

ती दोन पायऱ्या वर आली. मला वाटलं, आता बोलेल. थोबाडीत देईल, निदान तोंड फिरवून जाईल. मी तिच्या जागी असते तर पिशवीतली इस्त्री फेकून मारली असती. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "फरशी गार आहे, चपला घाल आधी." मग डबा वर करून, बापाच्या मागून धावत आलेल्या मुलीच्या हातात दिला. "गरम आहे तोवर खाऊन घ्या हं."

"आत ये ना," तो म्हणाला. "ये ना गं."

"आता नको, बस चुकेल. माझंच चुकलं रे. महिनाअखेर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या वेळी पहिल्या आठवड्यात येईन."

मनापासून म्हणाली ती. आणि गेली. तो बूट न घालता तिच्यामागे धावला, थांब्यापर्यंत गेला, पिशवी त्याने उचलली, पण ताई परत आली नाही. तो आला तेव्हा मी दारातच होते. तो खाली बघत म्हणाला, "सिस्टर, तुम्ही बूट पाहिले होते ना?"

सांगणार होते चार शब्द. इतक्या वर्षांचे साठलेले होते. पण त्याचं तोंड बघून म्हटलं, "नाही बाबा. मला हल्ली कमी दिसतं."

डब्यातलं जेवण त्या रात्री बायकोने आणि मुलीने खाल्लं. त्याने पानाला हात लावला नाही. त्याने डबा स्वतः घासला, पुसला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर ताईच्या खोलीवर घेऊन गेला. तिने चहा केला. नवी इस्त्री लावून दाखवली, त्याचा घामेजलेला शर्ट उतरवून घेऊन त्यावर फिरवली. झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो गं."

पाकिटं अजून आहेत. पगाराच्या संध्याकाळी तिघं अजून टेबलाशी बसतात, आणि बसावंच, त्यात वाईट काही नाही. पुढच्या पगाराला मुलीने विचारलं, "बाबा, आत्याचं कुठल्या पाकिटात धरायचं?" मग पाहुण्यांचं पाकीट उचलून त्याने फाडून टाकलं आणि त्याची रक्कम किराण्यात घातली. आता कुणीही आलं तर घरात असेल ते पानात पडतं. मीसुद्धा एकदोनदा जेवून आले, मुद्दाम महिनाअखेर बघून. साधंच होतं, पण पोटभर होतं.

आणि दार. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी असली की त्यांचं दार सकाळपासून सताड उघडं असतं. तो जिन्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसतो, हातात पेपर, नजर वळणावर. जिन्यावर पाऊल वाजलं की उठून उभा राहतो. कधी टपालवाला असतो, कधी वरच्या मजल्यावरची पोरं. कितीदा तिला सांगून झालं, ताई, केव्हाही ये गं, कुठल्याही तारखेला ये. ती हसते, हो हो म्हणते.

येते मात्र पहिल्याच आठवड्यात. आपला डबा घेऊन.